बा लय हसतो

बोईसर,
रविवार, ४ ऑगस्ट १९९१

ती. दादास,
हंसाचा नमस्कार.

तिकडे सगळी खुशाल असतील असं लिहायची पद्धत आहे, पण तू खुशाल नाहीस हे मला कळलंय. मला कळलंय हे आता तुलाही कळलं. तेव्हा ते राहू दे.

आधी एक सांगते. हिरावहिनीवर ओरडू नकोस. बुधवारी ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही, केस किती पांढरे झालेत तिचे. पालघरच्या डॉक्टरांनी दिलेला कागद तू देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होतास, तो तिने पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. "इंग्रजी वाचता येत नाय म्हनून आनलाय," म्हणाली. वाचता येत नाही हे खरं, पण कागदात काय आहे ते तिला माझ्याआधी कळलं होतं. बाईमाणूस नवऱ्याचे कपडे धुतं दादा, तिच्यापासून रक्त लपत नाही.

मी इथे बरी आहे. तीन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून इथल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. काम काय, तर बोटं चेपलेले, डोळ्यात काहीबाही उडालेले, आणि सोमवारी सकाळी हमखास पोट दुखणारे. सगळे दांडगे गडी, पण इंजेक्शन दिसलं की "सिस्टर, सुई मत लगाओ, गोली दे दो." खोलीच्या भिंतीला बुरशी धरलीय, आणि पावसात कारखान्यांचा वास उतरतो तो बोंबलांच्या वासापेक्षा वाईट. आपलं मुरबे इथून एस्टीने पाऊण तासावर. तीन वर्षांत एकदाही आले नाही. तूही कधी ये म्हणाला नाहीस, आणि मीही तेच निमित्त करून बसले.

रखमाबाई भेटते. गुडघे गेल्यापासून ती मुंबईला जात नाही, बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. पहिल्यांदा मी विचारलं, ताजे आहेत का, तर म्हणाली, "तुज्या दादाच्या जाळ्यातले हायेत. नको तर ठेव." तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाकडून घेतलेले नाहीत. तुझ्याच जाळ्यातले मासे मी तीन वर्षं खातेय, तुला माहीत नसेल.

आता कागदाचं सांगते. आपल्या बाला होता तोच रोग, त्याच जागी, आतडं संपतं तिथे. पण बाचा कळला तेव्हा तो केळ्याएवढा झाला होता आणि तुझा सुपारीएवढा आहे. ऑपरेशन केलं तर तू बरा होऊ शकतोस. नाही केलंस तर दोन वर्षं, कदाचित तीन, आणि त्यातलं शेवटचं वर्ष कसं जातं ते मी इतक्या जणांचं पाहिलंय की तुला लिहीत नाही. वहिनी म्हणाली, तू म्हणतोस, "बाला कापला, बा मेला. मी कापायला देनार नाय. नारळी पुनव झाली का बोट काढनार." पुनवेला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात तुझं मन फिरावं म्हणून हे पत्र. माझ्यावरचा राग ठेवायचा तर ठेव, पण डॉक्टरांवर जो राग आहे त्याच्याबद्दल मला काही सांगायचंय. सांगायला धीर होत नाही म्हणून माशांचं लिहीत बसले.

थोडं आणखी बसते.

परवापासून मला आपलं जुनं घर फार आठवतंय. पुढच्या अंगणात बोंबील टांगायच्या दोऱ्या, त्यांच्याखालून वाकून गेल्याशिवाय दार गाठता येत नव्हतं. तू उंच झालास त्या वर्षी रोज कपाळाला बोंबील लागायचे आणि आई म्हणायची, "पोराला सुक्याची हळद लागली." ओटीवर बा जाळं दुरुस्त करत बसायचा. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तासन् तास. त्याच्यासमोर मी शाळेचा धडा मोठ्याने वाचायचे, त्याने ऐकावा म्हणून. तो हूं का चूं करायचा नाही. नर्सिंगला नंबर लागला ते सांगायला मी एस्टी स्टँडपासून पळत आले, तर म्हणाला, "बरं," आणि दोरा तोडला दाताने. त्या 'बरं'वर मी मुंबईत एक वर्ष काढलं.

तुझं नशीब वेगळं होतं. तू बारा वर्षांचा झालास आणि बाने तुला बोटीवर घेतलं. बोटीवरचा बा निराळा होता हे मला तुझ्याकडूनच कळायचं. परत आलात की तू भाताच्या ताटावर सांगायचास, आज बा लय हसला, गाणी म्हणाला, जिवल्या खलाशाची नक्कल केली. मी हेव्याने ऐकत बसायचे. आणि आई? ती हातातलं काम टाकून उठायची आणि देवापुढे नारळ ठेवायची. मला वाटायचं आनंदाने ठेवते. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं. बोट चालवणारा तांडेलच घाबरला तर बोटीवरची माणसं हातपाय गाळतात. म्हणून वारा फिरला, पाण्याचा रंग पालटला, की बा हसायला लागायचा. जाळं पाण्यात असेपर्यंत वादळाचं नाव काढायचं नाही ही त्याची रीत. जितकं वाईट, तितकं मोठं हसू. तुम्ही खलाशी त्या हसण्यावरून ओळखायचात आणि न सांगता दोर ओढायला लागायचात.

म्हणजे मला हे ठाऊक होतं, दादा. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

एकोणऐंशीचा जानेवारी. बाला मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा आपलं भांडण झालं. तू म्हणालास, आधी झाडपाला करून बघू. मी म्हणाले, तू तिथे येऊच नकोस, वॉर्डात तमाशा करशील, मला तिथे नोकरी करायची आहे. हे मी बोलले, अंगणात, चारचौघांत. तू आला नाहीस.

सोमवारी ऑपरेशन झालं. रोगाचा तुकडा काढला आणि आतड्याची दोन टोकं एकमेकांना शिवली. अशा शिवणीचं भय ऑपरेशनच्या दिवशी नसतं, नंतर असतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी ती कुठेतरी उसवते, आतली घाण पोटात पसरते, आणि ताप यायला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून त्या दिवसांत आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. नाडी वाढतेय का, पोट टणक होतंय का, उचकी लागलीय का. निदान बघायचं असतं.

बुधवारपर्यंत बा नेहमीसारखा होता, भिंतीकडे तोंड करून गप्प. गुरुवारी सकाळी मी ड्यूटीवर आले तर वॉर्डात हशा. बाजूच्या खाटेवरच्या हडकुळ्या मास्तरांचं नाव त्याने बोंबील ठेवलं होतं, पलीकडच्या शेटजींचं पापलेट, आणि दोघंही पोटाचे टाके धरून हसत होते. धाकट्या डॉक्टरांना म्हणाला, "तुजा टाका बरा पडतो रं. नोकरी सुटली तर बोटीवर ये, जाळी शिवायला." मग माझ्याकडे बघितलं, चांगलं डोक्यापासून पायापर्यंत, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही माजी पोरगी. टोपी घालून कशी शोभते बगा. धडा वाचायची ना, घंटीसारखा आवाज. मी हात थांबवून ऐकायचो."

हात थांबवून ऐकायचा म्हणे. मी बत्तीस वर्षांची होते आणि औषधाच्या खोलीत जाऊन हुंदके देऊन रडले.

त्या दिवशी दुपारी वहिनी धोतर घेऊन आली होती, आठवतं? तिने ते हसणं पाहिलं आणि घरी येऊन तुला सांगितलं. शुक्रवारी बाराच्या सुमाराला रखमाबाई रिकामी टोपली घेऊन वॉर्डाच्या दाराशी आली आणि तिने तुझी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. ती या पत्रासोबत परत पाठवतेय. घडी पडून फाटत आलीय, जपून उघड. मला ती पाठ आहे.

"हंसाबाय, हिरा सांगते बा लय हसतो. बा उगाच हसत नाय तुला ठावं हाय. डॉक्टरला सांग पोट बघ म्हनावं. आजच सांग. मी यवू का? कमलाकांत."

मी ती वाचली आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. डॉक्टरांना दिली नाही.

हे लिहून झालं. आता पुढचंही लिहिते.

बाचे दिवस झाले त्या दिवशी तू मला विहिरीपाशी गाठून विचारलंस, "माजी चिठी दिलीस डॉक्टरला?" आणि मी म्हणाले, "दिली. हसला तो." असं कुणी हसलं नव्हतं, दादा. कुणाला सांगितलंच नव्हतं तर हसणार कोण? त्या क्षणी तुझ्या डोळ्यांत बघून मला खरं बोलता आलं नाही, आणि जे तोंडातून निघालं ते तू बारा वर्षं उराशी धरून बसलास. कोळ्याच्या शब्दाला शिकलेला माणूस हसला आणि त्यात बाप गेला. म्हणूनच तू आज कापायला देत नाहीस, हो ना? तुझा राग चुकीच्या माणसावर आहे. तो माझा आहे, मला दे.

नाडीचंही सांगून टाकते. गुरुवारी शहाण्णव होती. शुक्रवारी दुपारी, तुझी चिठ्ठी खिशात असताना, मी स्वतः मोजली, एकशे बारा. ताप नव्हता. मी मनात म्हटलं, एवढा हसतोय, हसल्याने वाढली असेल. पहिल्या वर्षाच्या पोरीने असं म्हटलं असतं तर मी तिला वॉर्डाबाहेर काढली असती. शनिवारी दुपारी मास्तरांना कसलीशी गंमत सांगता सांगता बा मध्येच थांबला आणि त्याच्या कपाळावर घाम डवरला. रविवारी पुन्हा पोट उघडलं. मंगळवारी सकाळी गेला. तुला सांगितलं ते एवढंच खरं होतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की शिकल्याची घमेंड होती. मुरब्याच्या खुणा मुरब्याला, वॉर्डात चालतात त्या तक्त्यावरच्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. घमेंड होतीच, पण ती बोलायला सोपी आहे म्हणून मी ती पुढे करते. खरी गोष्ट निराळी आहे. ते हसणं मला हवं होतं. तुझ्या वाट्याला ते लहानपणापासून आलं होतं, बोटीवर. माझ्याकडे बघून बा पहिल्यांदा हसला होता, माझ्या टोपीचं कौतुक केलं होतं, आणि तुझी चिठ्ठी म्हणत होती की ते कौतुक नाही, ते वादळ आहे. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे ते माझ्या तोंडाने कबूल करायचं. मी ते एक दिवस जवळ ठेवलं. त्या एका दिवसाची किंमत बाने दिली.

त्याने धडे ऐकले होते ते खरं, की तेही धीर द्यायला म्हणाला, हे मला अजून कळलेलं नाही. तुला कळत असेल. तू त्याला जास्त ओळखायचास.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच वॉर्डात होते. एक वही केली. नाडी, ताप, पोट, हे तर तक्त्यावर असतंच. मी शेवटी एक रकाना वाढवला, "घरचे काय म्हणाले?" रोज जवळच्या माणसाला विचारायचं, तुमचा माणूस नेहमीसारखा आहे का? बायका काय काय सांगायच्या. रोज शिव्या देतो, आज दिल्या नाहीत. कधी देवाचं नाव घेत नव्हता, पहाटेपासून घेतोय. चहात साखर कमी म्हणून भांडला नाही. अशा शिवणीची एकवीस माणसं त्या नऊ वर्षांत ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात बिघडली, त्यांतल्या चौदा जणांच्या घरच्यांनी ताप चढायच्या आधी, कुणी एक दिवस, कुणी दोन, सांगितलं होतं, काहीतरी चुकतंय. तसं लिहिलं गेलं की मी लगेच डॉक्टरांना बोलवायचे. सगळे वाचले नाहीत, पण बरेच वाचले. नव्या पोरी मला हसायच्या. नंतर त्याही विचारायला लागल्या. त्या रकान्यावर कुणाचं नाव नव्हतं, पण तो तुझा होता.

तेव्हाचे धाकटे डॉक्टर आता तिथले मोठे डॉक्टर आहेत. शुक्रवारी रजा टाकून मी त्यांच्याकडे गेले, तुझा कागद दाखवला आणि चिठ्ठीही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी ही दिली असतीत तर मी हसलो नसतो. पोट तपासलं असतं. वाचले असतेच असं सांगत नाही. पण तपासलं असतं." तुझं ऑपरेशन ते करतील. हल्ली शिवण भरेपर्यंत शौचासाठी पोटावर पिशवी लावतात, ती दोन-तीन महिन्यांनी काढता येते. धोका कमी झालाय, संपलेला नाही. मी पुन्हा कधी तुला खोटं सांगणार नाही, म्हणून तेही लिहिलं.

आणि एक अडचण आहे. पहिला आठवडा मी रजा घेऊन तुझ्या उशाशी बसेन. पण बघू काय? तुझी खूण मला ठाऊक नाही. तू घाबरलास की काय करतोस, हसतोस, गप्प होतोस, जेवण टाकतोस? मी तुझ्याबरोबर कधी बोटीवर आले नाही, आणि ज्या बारा वर्षांत कळलं असतं ती मी घालवली. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "घरात तर ते कंदी घाबरत नाय." जिवल्या अजून तुझ्या बोटीवर आहे म्हणे. त्याला बरोबर आण, मी त्याला बाकावर बसवीन. नाहीतर तूच सांग.

हे पत्र रखमाबाईच्या टोपलीतून येतंय. तिला म्हटलं, ओलं करू नकोस, तर म्हणाली, "त्या टायमाला केली व्हती का?"

चिठ्ठीत तू विचारलं होतंस, मी यवू का. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

ये, दादा.

तुझी अपराधी,
हंसा


मुरबे
शुक्रवार, ता. ९

हंसा,

पत्र पोचलं. माशाचा वास लागलाय पन भिजलं नाय.

वाचून मी ते चुलीत टाकत होतो. हिराने हात धरला. मग दोन दिस मी घरात थांबलो नाय. खाडीवर जाऊन बसलो. बारा वरसं मी त्या डॉक्टरला शिव्या घातल्या, त्याचं तोंड पन बघितलं नवतं. आता त्या शिव्या परत घ्यायच्या तर कशा घ्यायच्या ते सांग. तू शिकलेली हायस.

माफ केलं असं मी लिवनार नाय. लिवलं तर खोटं व्हईल, नि तू म्हनतेस खोटं नको.

धड्याचं विचारलंस. ते खरं हाय. बोटीवर बा तुजे धडे म्हनून दाखवायचा, चुकत चुकत. वारा चांगला आसायचा तवा पन म्हनायचा. मी तुला कंदी सांगितलं नाय. मला पन हेवा वाटायचा.

नि रखमाबायचं काय सांगतेस. तुला कोनते मासे द्यायचे ते मीच काढून द्यायचो. तीन वरसं. तुला पापलेट आवडतं ते ती कुठून जाननार.

जिवल्याला आननार नाय. तो दवाखान्यात बिडी ओढत बसंल नि तुला तिथनं काढतील. माजी निशानी मी सांगतो. आता तुज्यावर मला लय राग हाय. बरा असेन तवर मी तुला शिव्या घालीन. सकाळी घालीन, दुपारी घालीन, डॉक्टरसमोर घालीन. तू आयकून घे नि नाडी बघ. ज्या दिशी मी तुला हंसाबाय म्हनून गोड बोलेन, टोपी शोभते म्हनेन, त्या दिशी खिशात काय ठेवू नको. धावत जा.

मंगळवारी पयल्या एस्टीने मी नि हिरा येतो. पुनवेला बोट जिवल्या काढंल.

तुज्यावर रागावलेला,
दादा